नष्ट गांवाच्या इतिहासाचीं साधनें : इम्मेराटचें उदाहरण

जर्मनीच्या पश्चिम सरहद्दीजवळ, आखेन शहराच्या ईशान्येस, एर्केलेन्ट्स नांवाचें एक जुनें शहर आहे. सम्राट् पहिला ऑटो याच्या इ. स. ९६६ च्या एका लेखांत त्याचें नांव येतें. या शहराच्या पूर्वेस, त्याच्याच हद्दींत मोडणारें, इम्मेराट नांवाचें एक गांव होतें. ‘होतें’ हा भूतकाळ येथें अक्षरशः घ्यावयाचा आहे. गार्ट्सवायलर या तपकिरी कोळशाच्या उघड्या खाणीची वाढ व्हावी म्हणून २००६ पासून तेथील रहिवाशांचें स्थलांतर सुरू झालें; जानेवारी २०१८ मध्यें गांवचें ख्रिस्ती देवालय पाडण्यांत आलें; आणि पुढें गांवाखालची जमीनही खणून नेण्यांत आली.

या गांवाच्या नाशाची वार्ता दूरवर गेली व तेव्हांपासून त्याच्याविषयीं बरेंच लिहिलें गेलें. तें लिखाण वाचीत असतां कांहीं विधानें आम्हांस वारंवार आढळलीं, आणि इतिहासाच्या कसोटीस तीं उतरत नाहींत असें वाटलें. त्यांची छाननी हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. परक्या देशांतील एका खेड्याची चिकित्सा या त्रैमासिकांत कशाला, अशी शंका वाचकांस येईल. तिचें उत्तर लेखाच्या ओघांत मिळेल, म्हणून येथें देत नाहीं. आम्हीं तें गांव डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं, हें मात्र आधींच कबूल केलें पाहिजे.

पहिलें विधान गांवाच्या वयाविषयीं. इम्मेराट ११४४ मध्यें जन्मलें व २०१८ मध्यें मेलें, अशा धर्तीचीं वाक्यें सर्रास लिहिलीं जातात. ११४४ हें साल त्या गांवाच्या पहिल्या ज्ञात लेखी उल्लेखाचें आहे. शेजारच्या ल्युट्सेराट या वाडीचा असा पहिला उल्लेख ११६८ चा, आणि तेथें नांवाचें रूप ‘लुट्सेलेनरोडे’ असें आहे. या रूपाकडे शब्दशास्त्राच्या दृष्टीनें पाहावें. त्या मुलखांतील अनेक ग्रामनामांच्या अखेरीस येणारें ‘राट’ हें पद ‘रोडे’ पासून झालें असून, झाडें तोडून मोकळी केलेली जागा असा त्याचा अर्थ आहे. पूर्वपद कोणा माणसाचें नांव आहे कीं ‘लहान’ या अर्थाचें ‘लुट्सेल’ हें जुनें विशेषण आहे, हा वाद आपण बाजूस ठेवूं. उत्तरपद निःसंदिग्ध आहे. कोणी तरी जंगल तोडलें, तेथें घरें झालीं, देणें देण्याइतकें पीक निघूं लागलें, जागेस नांव रूढ झालें, आणि मग केव्हां तरी एखाद्या लेखकास तें नांव चर्मपत्रावर चढविण्याची गरज पडली. म्हणजे त्या सालीं गांव निश्चित होतें, एवढेंच लेखावरून सिद्ध होतें. त्यापूर्वीं तें किती वर्षें होतें याविषयीं लेख मौन पाळतो, आणि साधनाचें मौन म्हणजे नकार असें धरणें हा तर्कशास्त्रांतील दोष आहे.

या ठिकाणीं आपल्याच अंगणांत पाहावयास हरकत नाहीं. ताम्रपटांत ग्रामनाम आलें कीं ‘हें गांव अमुक शकांत वसलें’ असें स्थलमाहात्म्याच्या पुस्तिकांतून छापलें जातें. ज्यानें दान दिलें त्यास गांव आयतें मिळालें होतें. नाहीं तर तो देणार काय? शाळेंत आमचा एखादा विद्यार्थी ‘कालिदास हा ऐहोळेच्या शिलालेखांत प्रथम आढळतो, म्हणून तो इ. स. ६३४ चा’ असें लिहिता तर आम्ही त्याची वही परत केली असती. गांवाच्या बाबतींत मात्र हाच प्रमाद मोठी माणसें करितात.

इम्मेराटकरांना नवी वस्ती जेथें करून दिली आहे, तें ठिकाण एर्केलेन्ट्सजवळच्या क्यूकहोफेन या गांवास लागून आहे. त्या क्यूकहोफेनच्या रानांत १९९० मध्यें खडी काढण्याच्या खाणींत ओकच्या लांकडांनीं बांधलेली एक विहीर निघाली. लांकडांतील वार्षिक वलयें मोजून तिचा काळ इ. स. पूर्वीं सुमारे ५०९० असा ठरविण्यांत आला आहे. युरोपांतील पहिल्या शेतकऱ्यांपैकीं कोणी ती खणली. तेव्हांपासून त्या मुलखांत वस्ती अखंड होती असें यावरून सिद्ध होत नाहीं व आम्ही तसें म्हणतही नाहीं. परंतु जेथें सात हजार वर्षांपूर्वीं पाण्यासाठीं इतकी नेटकी सुतारकी झाली, तेथें इतिहासाचा आरंभ एका चर्मपत्रापासून करणें म्हणजे पोथीचें शेवटचें पान वाचून तिचा विषय सांगणें होय.

मृत्यूचें सालही तितकेंच सैल आहे. रहिवासी जाऊं लागले २००६ पासून. देवालयाचें पावित्र्य विधिपूर्वक काढून घेतलें १३ ऑक्टोबर २०१३ रोजीं. इमारत पाडली ८ व ९ जानेवारी २०१८ रोजीं. यांपैकीं गांव मेलें कोणत्या दिवशीं? लोक २०१८ म्हणतात, कारण त्या दिवशीं छायाचित्रें घेतलीं गेलीं.

यावरून दुसऱ्या विधानाकडे वळतों. पाडलेल्या इमारतीचें नांव सेंट लाम्बेर्टुसचें देवालय. लोक तिला ‘इम्मेराटचा डोम’ म्हणत, म्हणजे मोठ्या धर्मपीठाचें मंदिर. वस्तुतः तेथें बिशपचें पीठ कधींच नव्हतें, जोड मनोरे पाहून गांवकऱ्यांनीं कौतुकानें दिलेलें तें नांव होतें. मनोरे कोसळतांनाचीं चित्रें पाहून पुष्कळांची समजूत झाली कीं शेंकडों वर्षांचें मध्ययुगीन मंदिर पाडलें. हें देवालय एरास्मुस श्युलर या वास्तुकारानें रचलें व तें १८८८ ते १८९१ या काळांत बांधलें गेलें. त्याची शैली बाराव्या शतकाची, पण ती एकोणिसाव्या शतकानें मुद्दाम उचललेली. हस्तलिखितांच्या परिभाषेंत सांगावयाचें तर ही जुन्या वळणाच्या अक्षरांत, नव्या कागदावर लिहिलेली प्रत होती. सन ११४४ आणि हे मनोरे एकाच दमांत उच्चारले गेले, आणि वाचकाच्या मनांत मनोऱ्यांना सन चिकटला. आपल्याकडे बाजारांत जुनी म्हणून येणारी पोथी पाहतांना अक्षराचें वळण पाहून न थांबतां कागद, शाई, हरताळ व पानांच्या कडा पाहण्याची संवय ज्यांस आहे, त्यांस ही चूक चटकन दिसेल.

मंदिर १२७ वर्षांचें होतें म्हणून त्याचें दुःख करूं नये असा याचा अर्थ कोणी काढूं नये. तेथें चार पिढ्यांचीं बारशीं व लग्नें झालीं आणि शेवटचे निरोप दिले गेले. दुःखास पुरातनत्वाचा दाखला लागत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं सर्वांचे डोळे मनोऱ्यांकडे लागले असतां जें अधिक जुनें होतें तें कोणी न पाहतां निघून गेलें. रस्त्यांची वांकणें, विहिरींचीं ठिकाणें, शेतांचे बांध, शेताशेताचीं नांवें, पांधीच्या दोहों बाजूंस साठत गेलेली माती, यांत जें मध्ययुग होतें तें त्या देवालयांत नव्हतें. आपल्या जुन्या कागदांत गांवाचे दोन भाग धरतात : घरें ती पांढरी आणि पीक ती काळी. इम्मेराटची पांढरी गेली त्याची वार्ता झाली. काळी गेली त्याची झाली नाहीं.

इमारत हेंच मुख्य असें मानणाऱ्यांनीं बोहेमियांतील मोस्ट शहराचा दाखला पाहावा. तेथेंही तपकिरी कोळशासाठीं जुनें शहर पाडण्यांत आलें. पण १५१७ मध्यें बांधावयास घेतलेलें तेथील मोठें देवालय पाडावयाचें नाहीं असें ठरून, १९७५ मध्यें तें संबंध रुळांवर चढवून ८४१ मीटर दूर नेण्यांत आलें. यंत्रविद्येचा हा पराक्रम खराच व त्याबद्दल कोणी कद्रूपणा करूं नये. आज तें मंदिर उभें आहे, आणि त्याच्या भोंवतीं तें ज्या शहराचें होतें तें शहर नाहीं. त्याचा प्रत्येक दगड मूळचा आहे, पण कोणत्या गल्लींतून तें प्रथम दिसे, बाजाराचा आवाज त्याच्या दारापर्यंत येई कीं नाहीं, हें त्या दगडांवरून समजत नाहीं.

आतां या प्रकरणाच्या मर्माकडे येतों. गांवें पूर्वींही नष्ट होत. दुष्काळ, लढाई, पटकी, नदीनें पात्र बदलणें, यांपैकीं एखादें कारण पुरे होई. जर्मन अभ्यासकांनीं मध्ययुगांत ओसाड पडलेल्या गांवांचा स्वतंत्र अभ्यास उभा केला आहे. आपल्या दप्तरांतून ‘बेचिराख’ हा शब्द पानोपानीं भेटतो, आणि वऱ्हाड-नागपुराकडे अशा उठलेल्या गांवास रीठ म्हणतात. इम्मेराट हें त्याच मालिकेंतील आणखी एक, असें कांहीं लोक समजुतीनें बोलतात. आम्हांस हें मान्य नाहीं, आणि कां मान्य नाहीं हें सांगण्यास व्याकरणाचा आधार घेतों; जन्मभर तेंच शिकविलें, तेव्हां वाचकांनीं एवढी मोकळीक द्यावी.

पाणिनीच्या शास्त्रांत एखादा प्रत्यय दिसेनासा होतो त्यास लोप म्हणतात. पण नुसता लोप झाला असेल तर प्रत्यय गेला तरी त्याच्या निमित्तानें होणारें कार्य होतें. प्रत्यय दिसत नाहीं, त्याचा परिणाम दिसतो. जेथें मात्र ‘लुक्’, ‘श्लु’ वा ‘लुप्’ या विशेष शब्दांनीं तो घालविला आहे, तेथें मागच्या अंगावर त्याच्या निमित्तानें व्हावयाचें कार्यही थांबतें. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कारण दोहोंकडे जागा रिकामीच दिसते. शास्त्रास मात्र भेद पाळावा लागतो, नाहीं तर रूपें चुकतात.

बेचिराख गांव हा लोप आहे. घरें पडलीं तरी पाया राहतो. नांगराच्या फाळाला खापरें लागतात, विहिरीची जागा चिंचेच्या झाडावरून ओळखतां येते, मारुतीची मूर्ति बांधावर उघडी पडलेली असते, शेताचें नांव ‘गांवठाणाचें’ असें चालत येतें. शंभर-दोनशें वर्षांनीं एखादा जिज्ञासु तेथें जातो आणि कागदांतील विधान जमिनीवर ताडून पाहतो. उघडी कोळशाची खाण हा लुक् आहे. गार्ट्सवायलरसारख्या खाणीची खोली सुमारे २०० मीटरपर्यंत जाते. तेथील सर्वांत मोठ्या चक्राकार खणणाऱ्या यंत्रांपैकीं एक यंत्र दिवसाला २,४०,००० घनमीटर माती उचलूं शकतें. कोळशाच्या वरचें सर्व कांहीं, म्हणजे पायाचे दगड, त्याखालचें जुन्या घरांच्या खांबांचे खळगे, त्याखालचा नुसता मातीचा रंग, हें सर्व एकत्र उचलून दुसरीकडे ओतलें जातें. वरची सुपीक पिंवळट माती जपून ठेवून भरून काढलेल्या जमिनीवर पुन्हां पसरतात व तेथें उत्तम शेती होते. पण बांध नवे व सरळ असतात. पोथीचीं पानें सोडवून, भिजवून, त्यांचाच नवा कागद केला तर कागद उत्तम निघेलही. तो वाचतां मात्र येणार नाहीं.

यावर एक आक्षेप सबळ आहे व तो न मांडणें अप्रामाणिकपणाचें होईल. खाणीच्या निमित्तानें त्या मुलखांत जितकें उत्खनन झालें तितकें एरव्हीं झालें नसतें. ऱ्हाइनकांठच्या कोळसा-प्रदेशांतील पुरातत्त्वाच्या कार्यासाठीं १९९० मध्यें एक खास निधि स्थापन झाला, आणि त्याच्या साहाय्यानें रोमन काळचीं शेतवाड्यांचीं घरें व त्याहून प्राचीन वस्त्या उजेडांत आल्या आहेत. गांव जिवंत असतें तर लोकांच्या स्वयंपाकघराखालीं कोण खणूं देता? हें सर्व खरें आहे. परंतु उत्खननही वाचतां वाचतां पान फाडणारें वाचन आहे, हें पुरातत्त्वज्ञ स्वतःच सांगतात. म्हणूनच ते एरव्हीं जागेचा कांहीं भाग पुढील पिढीसाठीं मुद्दाम न खणतां ठेवतात, कीं त्यांच्या चुका तिला दुरुस्त करतां याव्यात. खाणीच्या वाटेवर तो राखीव भाग राहत नाहीं. जें टिपलें तेंच कायमचें प्रमाण. एकच प्रत, तीही नकलकाराच्या हातची, आणि मूळ जळालेलें, अशी जी स्थिति एखाद्या ग्रंथाची होते, ती येथें गांवाची झाली आहे. अशा एकमेव प्रतीच्या नकलकारास जे नियम आपण लावतों तेच गांव टिपणाऱ्यास लावले पाहिजेत. संशयित अक्षर संशयित म्हणून दाखवावें. गळलेल्या जागीं रेघ सोडावी. पाहिलेलें व ऐकलेलें वेगळें लिहावें. आठवणी गोळा करण्याचें काम एर्केलेन्ट्सच्या स्थानिक मंडळानें मोठ्या कळकळीनें चालविलें आहे व गेलेल्या गांवांचें एक चित्रमय संग्रहालयही उभें केलें आहे. त्या उद्योगाविषयीं आम्हांस आदरच आहे. चित्रांना मात्र एक खोड असते. चित्रांत घराचा दर्शनी भाग येतो. शेजाऱ्याची भिंत कोणाच्या मालकीची, हा तंटा चित्रांत येत नाहीं. आणि गांवाचा इतिहास पुष्कळसा त्या भिंतीच्या तंट्यांतच असतो, हें आपलीं महजरें व निवाडपत्रें वाचणारांस सांगावयास नको.

तिसरें विधान असें कीं गांव गेलें नाहीं, हललें. लोक तेच, नांव तेंच, कबरींतले पूर्वजही उचलून नव्या स्मशानांत नेलेले. मग हानि कोणती? पुन्हां व्याकरणाकडे. एकाच्या जागीं दुसरें रूप आलें तर मूळ तो स्थानी व नवा तो आदेश. आदेशास स्थानीप्रमाणें वागवावें, असा सामान्य नियम आहे. कारभाराच्या दृष्टीनें तो येथें लागू आहे आणि नवें इम्मेराट हें इम्मेराटच आहे. परंतु त्या नियमास पाणिनीनें अपवाद जोडून ठेविला आहे. जें कार्य मूळच्या वर्णावरच अवलंबून आहे, तेथें आदेश स्थानीसारखा धरतां येत नाहीं. इतिहासाचें कार्य अशा वर्णावर अवलंबून असतें. ल्युट्सेराटच्या ज्या शेतवाडीवर तेराव्या शतकापासून ड्यूसर्न येथील सिस्टर्शियन जोगिणींच्या मठाची मालकी होती व जी १८०२ मध्यें फ्रेंच अमलाखालीं मठांच्या मिळकती सरकारजमा झाल्या तेव्हां त्या मठाकडून गेली, ती त्या विशिष्ट जमिनीच्या तुकड्यावर होती. तो तुकडा नव्या वस्तींत नेतां येत नाहीं.

न्यायालयांतही हाच प्रश्न आला. इम्मेराटच्या एका रहिवाशाच्या गाऱ्हाण्यावर जर्मनीच्या घटनान्यायालयानें १७ डिसेंबर २०१३ रोजीं निकाल दिला. आपल्या गांवीं राहण्याचा असा स्वतंत्र मूलभूत हक्क न्यायालयानें मान्य केला नाहीं. तथापि मिळकतीच्या हक्काचा विचार करितांना माणसाचा परिसर व शेजारपाजार यांशीं असलेला संबंधही जमेस धरला पाहिजे, असें म्हटलें. रहिवाशाचें गाऱ्हाणें फेटाळलें गेलें. निकाल योग्य कीं अयोग्य हा आमचा विषय नाहीं. पण पुढील काळीं इम्मेराटचा इतिहास लिहिणारास हें निकालपत्र ११४४ च्या उल्लेखाइतकेंच महत्त्वाचें वाटेल, कारण गांव म्हणजे काय या प्रश्नास राज्यानें दिलेलें तें लेखी उत्तर आहे.

लुसेशिया प्रांतांतील होर्नो गांवाची कथा याहून कठीण. तेथील रहिवाशांत सुमारें एकतृतीयांश लोक सोर्ब, म्हणजे जर्मनीच्या पोटांत उरलेल्या स्लाव जमातीचे; त्यांच्या भाषेंत गांवाचें नांव रोगोव. ब्रांडेनबुर्ग राज्याच्या १९९२ च्या घटनेंत सोर्ब लोकांच्या वस्तीच्या प्रदेशास संरक्षणाचें वचन होतें. तें वचन धोरणाचें आहे, अभेद्य भिंत नव्हे, असें राज्याच्या घटनान्यायालयानें १९९८ मध्यें ठरविलें. २००० मध्यें युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेंही गांवकऱ्यांचा अर्ज दाखल करून घेतला नाहीं. आणि २९ नोव्हेंबर २००४ रोजीं तेथील देवालय सुरुंगानें उडविलें गेलें. पुढें फोर्स्ट शहराला लागून वसविलेल्या नव्या होर्नोंत २००६ मध्यें ‘गेलेल्या गांवांचें दप्तर’ उघडण्यांत आलें. कोळशामुळें संपूर्ण वा अंशतः नष्ट झालेल्या लुसेशियांतील १३० हून अधिक गांवांची नोंद तेथें आहे. एका गेलेल्या गांवानें इतर सर्व गेलेल्या गांवांचें कुलकर्ण पत्करावें, ही गोष्ट आम्हांस त्या सर्व प्रकरणांत सर्वांत लक्षांत ठेवण्याजोगी वाटते.

इम्मेराटच्या बाजूस याच्या नेमका उलट गोंधळ झाला आहे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं सरकार व खाणवाले यांच्यांत ठराव होऊन त्या प्रदेशांतील कोळसा २०३० मध्यें बंद करण्याचें ठरलें. ल्युट्सेराट वांचलें नाहीं. जानेवारी २०२३ मध्यें पोलिसांनीं तेथें ठाण मांडलेल्या विरोधकांना हुसकून तें मोकळें केलें. पण कायेनबेर्ग, कुकुम, बेरफेराट आणि वरचें व खालचें वेस्ट्रिख हीं पांच गांवें राहिलीं. त्यांतील बहुतेक लोक मात्र तोंपर्यंत नव्या वस्तींत जाऊन राहिले होते. म्हणजे एकाच नांवाचीं दोन गांवें झालीं : एकास लोक आहेत, दुसऱ्यास जमीन. नव्यास ‘नवें’ असें उपपद जोडतात खरें, पण बोलतांना उपपदें गळतात व लेखक आळशी असतात. दोनशें वर्षांनंतरच्या संशोधकास कागदांत नुसतें ‘कायेनबेर्ग’ आढळलें तर तें कोणतें, हें ठरवितांना त्याची जी त्रेधा उडेल तिची कल्पना आमच्या वाचकांस, बुद्रुक व खुर्द यांच्या अनुभवावरून, चांगली येईल.

जमीन गेली तरी कागद आहेत, हें आपणां संग्राहकांचें नेहमींचें समाधान. त्यास उत्तर म्हणून त्याच प्रदेशांतील कोलोन शहराचें उदाहरण देतों. ३ मार्च २००९ रोजीं, शेजारीं भूमिगत आगगाडीचें काम चालूं असतां, त्या शहराच्या दप्तरखान्याची इमारत कोसळली. सुमारे तीस किलोमीटर लांबीच्या फळ्यांवरचे कागद व हस्तलिखितें ढिगाऱ्यांत गेलीं आणि शेजारच्या घरांतील दोन माणसें दगावलीं. बहुतेक कागद वर्षानुवर्षें खपून बाहेर काढण्यांत आले. पण पान निघालें म्हणजे पानाचा क्रम निघाला असें होत नाहीं. इकडे खाणीनें गांव गिळावें व तिकडे खड्ड्यानें दप्तर गिळावें. दोन्ही खड्डे माणसानेंच खणलेले.

येथें आमच्याच एका अपराधाची कबुली देणें प्राप्त आहे. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीं एका वाड्याच्या विक्रीच्या वेळीं मोडी कागदांचे दोन रुमाल आमच्या हातीं आले. कापड कुजलें होतें, कसर लागली होती. आम्हीं उत्साहानें कागद झटकले, इस्त्री केल्यासारखे सरळ केले, सालवार लावले आणि रुमालाचीं फडकीं चुलींत घातलीं. त्या फडक्यांवर शाईनें कांहीं लिहिलें होतें असें पुष्कळ दिवसांनीं घरांतील मंडळींनीं सहज सांगितलें. कोणत्या मौजाचा रुमाल होता, कोणती पट्टी, हें त्यावरच असणार. कागदांत ‘मौजे मजकूर’ असें जागोजाग आहे. मजकूर कोणता तें आजही आम्हांस ठाऊक नाहीं. तीं पत्रें आमच्या संग्रहीं आहेत, वाचतां येतात, आणि कोणत्याही गांवाच्या इतिहासास उपयोगी पडत नाहींत. यंत्रानें इम्मेराटच्या मातीचें जें केलें, तें आम्हीं त्या रुमालांचें लहान प्रमाणावर केलें.

आतां लेखाच्या आरंभीं बाजूस ठेविलेल्या शंकेचें उत्तर. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपट चांदा जिल्ह्यांतील वरोरे तालुक्यांत, वडगांव येथें सांपडला. त्यांत सुप्रतिष्ठ आहारांतील वेलुसुक गांवची ४०० निवर्तनें जमीन दान दिली असून चतुःसीमा शेजारच्या गांवांच्या नांवांनीं सांगितली आहे. असा लेख हातीं आला म्हणजे महामहोपाध्याय मिराशी यांच्यासारखा विद्वान् काय करी? जुनीं नांवें आजच्या नांवांशीं जुळवून पाही, आणि चार दिशांचीं चार गांवें जुळलीं कीं मधलें पांचवें आपोआप पक्कें होई. ही सर्व पद्धति एका गृहीतावर उभी आहे : पंधराशें वर्षें गेलीं तरी नांव जमिनीस चिकटून राहतें. ज्या वर्धेच्या खोऱ्यांत हा ताम्रपट निघाला, त्याच खोऱ्यांत, वरोरे, भद्रावती, वणी व राजुरे या टापूंत, आज उघड्या कोळशाच्या खाणी आहेत. वरोऱ्यास तर एकोणिसाव्या शतकांतच कोळसा निघूं लागला होता. तेव्हां तो जमिनीखालून काढीत, आतां जमीनच उचलतात. उठलेल्या गांवाचें नांव पुनर्वसनाच्या ठिकाणीं गेलें कीं चार दिशांपैकीं एक दिशा खोटी पडते. पुढचा अभ्यासक नकाशावर नांव पाहून वेलुसुक भलत्याच ठिकाणीं बसवील, आणि त्याची चूक दाखविण्यास जमीन जागेवर नसेल.

या टापूंतील गांवांचे जुने कागद, पाहणीखरडे, वहिवाटीचीं पत्रें, इनामांचे तक्ते ज्या सभासदांच्या संग्रहीं असतील त्यांनीं, वाचनाची वाट न पाहतां, एवढें तरी आधीं करावें : कागद कोणत्या गांवांतून, कोणत्या घरांतून, कशांत बांधलेला आला तें एका चिठ्ठीवर लिहून त्यास जोडावें, आणि शेतांचीं व पांधींचीं नांवें आढळतील त्यांची यादी, हद्दींसह, मंडळाकडे पाठवावी. पत्रांवर ‘मौजे मजकूर’ असेल तेथें मजकूर कोणता हें ज्ञात असल्यास तेंही लिहावें. आमचे ते दोन रुमाल पाहण्याची इच्छा असणारांस ते केव्हांही दाखवूं. कोणी अक्षर वा नांवें ओळखल्यास उपकार होतील.